महापौराचं मशीन कुठे होतं?

जानेवारीत नाशिक महापालिकेचं मतदान होतं तेव्हा मावशीला स्कूटरवर बसवून पंचवटीतल्या तिच्या केंद्रावर घेऊन गेलो. गुडघे गेलेत तिचे, पण आवाज शाबूत आहे. रांगेत मी तिच्या मागेच होतो. आत गेली, एक बटण दाबलं आणि निघाली परत, तर टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या आजी थांबा, अजून तीन बाकी आहेत. चार जागांचा प्रभाग ना, अ ब क ड अशी चार मतं, आणि चारही दिल्याशिवाय ते मशीन शेवटचा लांब बीप देतच नाही. मावशीने कपाळावरचा चष्मा खाली घेतला, एकेक चिन्ह शोधत सगळं यथासांग पार पाडलं, बाहेर येऊन बोटाची शाई बघितली आणि मला म्हणाली, "चार दिली रे, पण महापौराचं मशीन कुठे होतं? ते राहिलंच बहुतेक."

राहिलं नव्हतं, ते नसतंच. पण मावशी एकटीच अशी नाही, कॉलेज रोडला लॅपटॉप घेऊन बसणाऱ्या दोन-तीन मित्रांना विचारलं तर त्यांनाही नीट सांगता आलं नाही की नाशिकचा महापौर नक्की कोण निवडतं आणि निवडून आल्यावर तो काय करू शकतो. आणि निवडणुकीत तर सगळी भाषणं अशी असतात की आमचा महापौर बसवा, शहराचा चेहरामोहरा बदलतो की नाही बघा. म्हणून म्हटलं एकदा बसून सोप्या भाषेत लिहून काढू, कारण शहर अडचणीत असेल तर त्याला बाहेर काढायला माणूस कसा निवडायचा हा प्रश्न नंतरचा, आधी ते निवडणं आपल्या हातात आहे का ते तरी बघू.

तर नाशिक महापालिकेत १२२ नगरसेवक. प्रभाग ३१, त्यातले २९ चार-चार जणांचे आणि दोन तीन-तीन जणांचे. आपण निवडतो ते हे १२२, आणि हे १२२ जण सभागृहात बसून आपल्यातल्याच एकाला महापौर करतात, तेही हात वर करून, गुप्त मतदान नाही. मुदत अडीच वर्षांची, म्हणजे पाच वर्षांत दोन महापौर. पक्षात इच्छुक जास्त असले तर त्या अडीचचेही तुकडे होतात, सव्वा-सव्वा वर्षाचा फॉर्म्युला, ठरल्याप्रमाणे राजीनामा, मग दुसऱ्याचा सत्कार. त्याच्याही आधी आरक्षणाची सोडत असते. मुंबईत मंत्रालयात चिठ्ठी निघते आणि ठरतं की यावेळी नाशिकचं महापौरपद सर्वसाधारण, महिला, ओबीसी, अनुसूचित जाती की जमाती. आरक्षण हवंच, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण एक लक्षात घ्या की तुमच्या बटणापासून महापौराच्या खुर्चीपर्यंत जाता जाता तुमचं मत सोडत, पक्षाचे नेते, गटबाजी, आणि कधीकधी नगरसेवकांची ती प्रसिद्ध सहल, एवढ्या चाळण्यांतून गेलेलं असतं.

गंमत म्हणजे माझा मामेभाऊ सिन्नरला राहतो, इथून जेमतेम तीस किलोमीटर, त्याला गेल्या डिसेंबरात नगराध्यक्षाला थेट मत देता आलं. सिन्नर, इगतपुरी, भगूर, त्र्यंबक, येवला, मनमाड, इथे नगरपरिषद आहे आणि तिथला नगराध्यक्ष जनता थेट निवडते. महापालिकेचं शहर झालं की मात्र तुम्ही मोठे झालात, आता तुमचा महापौर तुमचे नगरसेवक निवडतील. हे थेट निवडणुकीचं प्रकरणही आपल्याकडे झोक्यासारखं पुढे-मागे होतं. विलासराव देशमुखांच्या काळात एकदा थेट होती, मग बंद झाली, २०१६ ला फडणवीस सरकारने परत आणली, २०२० ला आघाडी सरकारने काढली, २०२२ ला शिंदे सरकारने पुन्हा आणली. ज्याला जी पद्धत सोयीची ती त्याच्या काळात लोकशाहीला पोषक, असा साधा हिशोब आहे.

आता अधिकार. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. महापौराला गाडी आहे, बंगला आहे, शहराचा प्रथम नागरिक हा मान आहे, पाहुणे आले की हार त्यानेच घालायचा. महासभेचं, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेचं, अध्यक्षस्थान त्याचं, समसमान मतं पडली तर निर्णायक मत त्याचं. पण महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, तोच १९४९ चा जुना कायदा, तो उघडून बघा, कामं प्रत्यक्ष करून घ्यायचा अधिकार म्हणजे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहे. आयुक्त म्हणजे कमिशनर, आयएएस अधिकारी, त्याला पाठवतं राज्य सरकार आणि परत बोलावतंही राज्य सरकार. इंजिनिअर, आरोग्य अधिकारी, अतिक्रमण विभाग सगळे त्याच्या हाताखाली. आणि पैशाचं काय तर मोठे टेंडर मंजूर करायची चावी स्थायी समितीकडे, १६ जण, दरवर्षी त्यातले निम्मे बाहेर. म्हणून जाणकार नगरसेवक महापौरपदापेक्षा स्थायीच्या सभापतीपदासाठी जास्त धडपडतात.

म्हणजे असं समजा की घरात सासूबाईंना मान सगळा आहे, पण किराणा सून आणते आणि कपाटाची किल्ली नणंदेकडे आहे. आता भाजीत मीठ नाही म्हणून भांडायचं कोणाशी?

महासभा कधी प्रेक्षक गॅलरीत बसून पाहिलीत का? नसेल तर एकदा जाच. समोर विषयपत्रिका असते, आयत्या वेळचे जादा विषय येतात, दुपारभर एका गटारीवरून नाहीतर एका बदलीवरून रणकंदन होतं, कोणीतरी रिकामा हंडा घेऊन येतो, कोणीतरी राजदंड उचलायला धावतो, आणि संध्याकाळी सगळे दमले की विषय क्रमांक अमुक मंजूर, मंजूर, मंजूर, राष्ट्रगीत. बरं, मंजूर झालेला ठराव आयुक्तांना बेकायदा किंवा पालिकेच्या हिताविरुद्ध वाटला तर तो विखंडनासाठी शासनाकडे जाऊ शकतो. विखंडन म्हणजे सरकारने ठराव रद्दच करून टाकायचा. म्हणजे तुम्ही निवडलेल्या १२२ जणांनी एकमताने हात वर केला तरी शेवटचा शब्द मुंबईचा.

नाशिककरांना याचं उदाहरण बाहेरून द्यायची गरज नाही, २०१८ आठवा. फेब्रुवारीत तुकाराम मुंढे आयुक्त म्हणून आले. १ एप्रिलपासून मिळकतींचं करयोग्य मूल्य, म्हणजे ज्यावर घरपट्टी आकारतात तो आकडा, वाढवलं, मोकळ्या जमिनीही त्यात आल्या, शहरात बोंब उठली. त्याच्या वर्षभर आधी, २०१७ ला, भाजपचे ६६ नगरसेवक आले होते, पहिल्यांदाच स्वबळावर बहुमत, आणि मुख्यमंत्र्यांनी प्रचारात सांगितलं होतं की मी नाशिक दत्तक घेतो. आता कायद्यात एक तरतूद आहे, एकूण नगरसेवकांच्या पाच अष्टमांश लोकांनी आयुक्ताविरुद्ध मत दिलं तर त्याला परत बोलवावं लागतं. १२२ चे पाच अष्टमांश म्हणजे ७७. सत्ताधारी भाजपच्याच नगरसेवकांनी ऑगस्टमध्ये अविश्वास ठराव आणला, सभा ठरली, शहरात मुंढेंच्या बाजूनेही लोक रस्त्यावर आले, विरोधातही आले, आणि सभेच्या तोंडावर मुंबईहून निरोप आला की ठराव मागे घ्या. घेतला. मग नोव्हेंबरमध्ये मुंढेंची बदली झाली, तीही मुंबईहूनच. मुंढे बरोबर होते की चूक हा वाद इथे नको, त्यावर घराघरात आजही भांडणं होतात, पण सगळ्या प्रकरणात महापौर कुठे होता ते आठवून बघा. नावही चटकन आठवत नाही ना? रंजना भानसी होत्या तेव्हा. त्यांचा दोष नाही यात, खुर्चीच तशी आहे.

आणि मग मार्च २०२२ ला मुदत संपली, निवडणुका ओबीसी आरक्षणाच्या कोर्टकज्ज्यात अडकल्या, आणि जवळजवळ चार वर्षं आपल्याकडे महापौर नाही, नगरसेवक नाही, फक्त प्रशासक, म्हणजे सरकारने नेमलेला अधिकारी. घटनेत १९९२ च्या ७४ व्या दुरुस्तीने स्पष्ट लिहिलंय की पाच वर्षं संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. लिहिलेलं राहिलं. या चार वर्षांत एक गोष्ट मात्र सगळ्यांना कळली, नगरसेवक कितीही नावडता असला तरी रात्री अकरा वाजता ड्रेनेज तुंबलं की फोन करायला एक नंबर होता, तो गेला.

आता जरा लांब जाऊ, अमेरिकेत. मी मुद्दाम डेट्रॉइट घेतोय, कारण एक तर ते आपल्यासारखंच गाड्यांचं गाव, म्हणजे सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ज्यांनी शिफ्ट केलीय, मायको सर्कलला बस पकडलीय, त्यांना लगेच कळेल, आणि दुसरं म्हणजे तिथेही सरकारने पाठवलेला प्रशासक आणि लोकांनी निवडलेला महापौर एकाच वेळी होते.

डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० ला साडेअठरा लाख होती. २०१३ पर्यंत ती सात लाखांच्या आसपास आली. कार कंपन्यांचे कारखाने शहराबाहेर गेले, परराज्यात गेले, बंद पडले, गोऱ्या मध्यमवर्गाने उपनगरं गाठली, मागे राहिले ते बहुतेक काळे आणि गरीब, आणि अठरा लाखांसाठी टाकलेल्या पाइपलाइनी, रस्ते, दिवे, पेन्शनी सात लाखांच्या करातून चालवायच्या. घरं ओस, जळकी. रस्त्यावरच्या दिव्यांपैकी साधारण ४० टक्के बंद. वर राजकारण असं की २००१ ला एकतिशीतला तडफदार, बोलायला पटाईत महापौर लोकांनी निवडला, क्वामे किलपॅट्रिक, त्याला २००८ ला राजीनामा द्यावा लागला आणि पुढे भ्रष्टाचारात २८ वर्षांची शिक्षा झाली (ती नंतर कमी केली गेली). मग लोकांनी अगदी उलट माणूस आणला, डेव्ह बिंग, बास्केटबॉलचा मोठा खेळाडू, नंतर यशस्वी उद्योजक, माणूस सज्जन. शहर तरीही बुडतच राहिलं. म्हणजे नुसता तडफदारही चालला नाही आणि नुसता सज्जनही नाही.

मार्च २०१३ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरने शहरावर इमर्जन्सी मॅनेजर बसवला, केव्हिन ऑर, दिवाळखोरीच्या कायद्यातला वकील. आपल्या भाषेत प्रशासक, पण आपल्या प्रशासकापेक्षाही जबरी, महापौर आणि नगरसेवक असून त्यांचे अधिकार काढून घेतलेले. १८ जुलै २०१३ ला डेट्रॉइटने दिवाळखोरी जाहीर केली, कर्ज आणि देणी मिळून सुमारे १८ अब्ज डॉलर, तोवरची तिथल्या कुठल्याही शहराची सगळ्यात मोठी. आणि त्याच वर्षी महापौरपदाची निवडणूक होती! विचार करा, अधिकार शून्य असलेल्या खुर्चीसाठी निवडणूक.

त्यात उभा राहिला माइक डगन. गोरा माणूस, आणि शहरात दहातले आठ मतदार काळे, १९७४ नंतर गोरा महापौर झालेलाच नव्हता. पूर्वी त्याने तोट्यातलं एक मोठं हॉस्पिटल चालवून रुळावर आणलं होतं, ही त्याची मुख्य ओळख. पण नियम असा की अर्ज भरताना शहरात एक वर्ष राहिलेलं पाहिजे, आणि याने अर्ज दोन आठवडे आधीच भरला. कोर्टाने नाव काढून टाकलं. मग तिथे एक सोय असते, मतपत्रिकेवर नाव नसलं तरी मतदार स्वतःच्या हाताने नाव लिहू शकतो. डगनने ठरवलं की लोकांना नाव लिहायला लावायचं. कोणी बोलावेल त्याच्या घरी जायचा, दिवाणखान्यात वीस-तीस शेजारी जमवायचे, शेकडो घरं केली अशी. आणि हे वाचून तुम्हाला अगदी घरच्यासारखं वाटेल, ऐनवेळी डगनच्या नावाशी मिळतंजुळतं नाव असलेला एक न्हावीदादा पण उमेदवार म्हणून उभा राहिला. डमी उमेदवार हा शोध फक्त आपलाच नाही हो. तरीही ऑगस्टच्या पहिल्या फेरीत चव्वेचाळीस हजारांहून जास्त लोकांनी हाताने डगनचं नाव लिहिलं, आणि नोव्हेंबरमध्ये शेरीफ बेनी नेपोलियनला हरवून तो ५५ टक्के मतांनी निवडून आला.

खरी बघण्यासारखी गोष्ट यापुढे आहे. निवडून आला पण अधिकार ऑरकडे. आपल्याकडे असतं तर काय झालं असतं? आंदोलन, राजदंड, प्रशासक हटाव. डगन ऑरबरोबर टेबलावर बसला आणि लेखी वाटणी करून घेतली. पोलीस आणि पैशाचे व्यवहार ऑरकडे, म्हणजे कर्ज बुडवायचं, पेन्शन कापायचं सगळं कडू औषध त्याच्या हातून, आणि रोजचं शहर माझ्याकडे, दिवे, बस, अग्निशमन, पडकी घरं. डिसेंबर २०१४ ला शहर दिवाळखोरीतून बाहेर आलं. कामगारांच्या पेन्शनमध्ये साडेचार टक्के कपात झाली, वर महागाईची वाढ गेली. कपात याहून मोठी झाली असती, पण शहराच्या मालकीच्या म्युझियममधली जगप्रसिद्ध चित्रं विकायची पाळी येऊ नये म्हणून फाउंडेशन, राज्य सरकार आणि म्युझियम यांनी मिळून ८० कोटी डॉलरहून जास्त उभे केले आणि ते पेन्शनीत घातले.

आणि दिवे. हे मला सगळ्यात आवडतं. दिव्यांसाठी वेगळी अथॉरिटी आधीच राज्याच्या कायद्याने बनली होती, म्हणजे श्रेय एकट्या डगनचं नाही, पण त्याने लोकांना सांगितलं की तुमच्या गल्लीतला दिवा लागला की नाही यावरून मला मोजा. डिसेंबर २०१६ पर्यंत ६५ हजार एलईडी दिवे लागले. दिवा ही अशी गोष्ट आहे की त्यात अहवाल लागत नाही, आकडेवारीचा खेळ चालत नाही, म्हातारी बाई पण खिडकीतून बघून सांगू शकते की काम झालं का नाही.

सगळं गोड नाही. २०१४ मध्ये बिल थकलं म्हणून हजारो गरीब घरांचं पाणी तोडलं गेलं, संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी त्यावर टीका केली. बरेच डेट्रॉइटकर अजून म्हणतात की चकचकाट मध्यवर्ती भागात झाला, वस्त्या तशाच राहिल्या. पण २०२४ मध्ये आलेल्या जनगणनेच्या अंदाजात १९५७ नंतर पहिल्यांदा शहराची लोकसंख्या घटण्याऐवजी थोडी वाढलेली दिसली, आणि डगन तीन वेळा निवडून आला.

तुम्ही म्हणाल अमेरिकेचं कौतुक सांगू नका, तिथे महापौरालाच अधिकार असतात, दिवाळखोरी संपली की सगळी सत्ता त्याच्या हातात आली. बरोबर आहे. मग आपला मुंबई-आग्रा हायवे धरा, द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमधून जिवंत बाहेर पडलात की धुळे करत सरळ इंदूरला जा. मध्य प्रदेशात महापौर जनता थेट निवडते आणि त्याच्या हाताखाली मेयर-इन-कौन्सिल असते, म्हणजे छोटं मंत्रिमंडळच, एकाकडे पाणी, एकाकडे आरोग्य, एकाकडे रस्ते. २०१५ ला मालिनी गौड महापौर झाल्या, नंतर आयुक्त मनीष सिंह आले, दोघांनी मिळून कचऱ्याचं एकच काम धरलं. कचरापेट्या काढून टाकल्या, घरोघरी गाड्या, ओला-सुका वेगळा नाही तर घेणार नाही, वर दंड आणि महिन्याचे पैसे. लोक चिडतात तेव्हा त्यांच्यासमोर उभं राहायला महापौर, आणि यंत्रणा पळवायला आयुक्त. २०१७ पासून इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं. घंटागाडी आपल्याकडे इंदूरच्या आधीपासून आहे बरं का! पण इंदूरचीही आरती नको, गेल्या डिसेंबरात तिथेच भागीरथपुरा भागात दूषित पाण्याने माणसं दगावली. कचऱ्यात पहिला नंबर आला म्हणून जमिनीखालच्या पाइपा आपोआप नीट होत नाहीत.

मुंबईतही १९९८ ला मेयर-इन-कौन्सिल आणून बघितलं होतं, वर्षभरात गुंडाळलं. का गुंडाळलं यावर बरीच मतं आहेत, माझं मत एवढंच की आपली सत्ता कमी होईल अशी व्यवस्था राज्य सरकारला, कुठल्याही पक्षाचं असो, फार दिवस पचत नाही.

मग थेट निवडणूक आणली की झालं का? मला आधी तसं वाटायचं, आता नाही वाटत. मामेभावाच्या गप्पा ऐकून डोळे उघडले. थेट निवडलेला अध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं असं झालं की तो म्हणतो मला करू देत नाहीत, हे म्हणतात तो करत नाही, आणि रस्ता तसाच. थेट निवडलेल्या माणसाकडे अधिकारही पाहिजेत आणि पैसाही. पैशाचं तर विचारूच नका, पूर्वी जकात होती, नाक्यावर ट्रक उभा राहिला की पालिकेच्या गल्ल्यात नाणं पडायचं, वाईट पद्धत होती पण आपली होती. २०१३ ला तिच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, मग तोही गेला, आणि जुलै २०१७ पासून जीएसटीच्या बदल्यात सरकार भरपाई पाठवतं, दरवर्षी आठ टक्के वाढ धरून. घरपट्टी-पाणीपट्टी आहे, पण ती वाढवायला गेलं की २०१८ होतं. म्हणजे पगारी मुलाने बापाकडून खर्चाला पैसे मागावेत तसं चाललंय, आणि बाप म्हणणार की अमुक दुकानातूनच घे.

सिंहस्थाचंच बघा. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, ऑगस्ट २०२७ मध्ये पहिलं अमृतस्नान, हजारो कोटींची कामं, रिंगरोड, घाट, सांडपाणी शुद्ध करायची एसटीपी केंद्रं, आणि त्यासाठी २०२५ मध्ये कायदा करून वेगळं कुंभमेळा प्राधिकरण केलंय विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली. बारा वर्षांतून एकदा शहरात एवढा पैसा येतो तेव्हा निर्णयाच्या टेबलावर महापौराची खुर्ची कडेला. स्मार्ट सिटीतही वेगळी कंपनी काढली होती, आणि अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका हा सव्वा किलोमीटरसुद्धा नसलेला स्मार्ट रोड पूर्ण होईपर्यंत नाशिककरांनी त्यावर किती विनोद केले ते आठवा.

तर मग या असल्या खुर्चीवर कोण बसवायचा? माझं म्हणणं असं आहे की आपला महापौर हुकूम देऊ शकत नाही, हे एकदा मान्य केलं की निवडीचे निकष बदलतात. भाषण करणारा नको, वाटणी करून घेणारा हवा, डगनने केली तशी. कमिशनरला सांगणारा की तुम्ही कर लावा, अतिक्रमण काढा, शिव्या मी खातो, पण मला सहा महिन्यांत एवढी एक गोष्ट पूर्ण करून द्या. स्थायीच्या सभापतीशी रोज भांडत बसणारा असेल तर फाइल हलणार नाही, आणि रोज गळ्यात गळा असेल तर मग तुम्ही-आम्ही काळजी करावी. मुंबईत वजन हवं, कारण चावी तिथे आहे, पण वजन असणं आणि तिथून आलेल्या फोनवर मान डोलावणं यात फरक असतो, आणि तो २०१८ ला आपण बघितलाय. सगळ्यात मोठं, त्याने मोजता येईल असं एकच काम निवडावं. गोदावरी स्वच्छ करू, हे मोजता येत नाही. रामकुंडाच्या वर नदीत येणारे अमुक नाले, त्यातले या वर्षी एवढे बंद, पुढच्या वर्षी एवढे, ही यादी गाडगे महाराज पुलाजवळ बोर्डावर लावतो, हे मोजता येतं. पावसाळ्यात पानवेली आल्या की आपोआप कळेल.

पक्षाचं म्हणाल तर नाशिककर इतके काही भाबडे नाहीत. २०१२ ला मनसेचे ४० निवडून दिले, महापौर मनसेचा झाला, २०१७ ला पाचवर आणलं. मनसेच्या काळात काही झालं नाही असं नाही, बोटॅनिकल गार्डन लोक अजून सांगतात, पण जे झालं ते आपल्या रस्त्यावर दिसलं नाही असं लोकांना वाटलं, आणि लोकांनी दिवा मोजला. फक्त आपण दिवा मोजतो तो पाच वर्षांनी एकदाच, आणि तोपर्यंत दोन महापौर, चार स्थायी सभापती आणि तीन आयुक्त बदललेले असतात, त्यामुळे कोणाचा दिवा लागला नाही तेच कळत नाही.

आपल्या हातात काय, तर महापौर नसला तरी आपल्या प्रभागातले चार जण आपल्या हातात आहेत आणि हात वर करणारे तेच आहेत. मतं मागायला आले की विचारायचं, महापौर कोणाला करणार? वरून येईल ते नाव, असं म्हणाले तर तेही उत्तरच आहे. महासभेची तारीख आणि विषयपत्रिका काढून बघायची, आपल्या प्रभागाचा विषय असेल त्या दिवशी गॅलरीत पाच-दहा जणांनी जाऊन नुसतं बसायचं, बोलता येत नाही तिथून पण बसता येतं, आणि खालच्यांना वर बघायची सवय नसते त्यामुळे फरक पडतो. सभेचं इतिवृत्त मागायचं, तुमच्या नगरसेवकाने कशाला हात वर केला ते त्यात सापडतं. सहा विभागांत प्रभाग समित्या असतात, छोटी कामं तिथेच अडतात आणि तिथेच सुटतात, तिथे जायला पालिकेच्या मुख्यालयाचे, राजीव गांधी भवनाचे, जिनेही चढावे लागत नाहीत.

हे सगळं एका रविवारी मिसळ खाताना मावशीला सांगितलं. तिने तर्री घेत घेत शांतपणे ऐकलं, मधेच विचारलं, तो अमेरिकेतला न्हावी शेवटी निवडून आला का. नाही म्हटलं. मग थोडा वेळ विचार करून म्हणाली, "काम कमिशनर करणार, तर मशीन त्याचं ठेवा की."

मला यावर उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर तिने कालनिर्णयच्या मागच्या पानावर माझ्याकडून चार नगरसेवकांची नावं आणि मोबाइल नंबर मोठ्या अक्षरात लिहून घेतले, खाली महापौर, त्याखाली कमिशनर, आणि प्रत्येकासमोर रेघ मारून जागा सोडायला लावली, कोणाला कधी फोन केला ते लिहायला. चारातल्या तिघांचे नंबर मिळालेत. चौथ्याचा अजून शोधतोय, ती रोज विचारते.